सभेच्या दिवशीची काकू

वर्षातून चार-पाचदा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू सकाळीच इस्त्रीची साडी नेसून, केसांत क्लिपा खोचून, मोबाइल डब्याला टेकवून बसत. मला सक्त ताकीद असे, "आज अकराला मोटर लावू नकोस. सभा आहे माझी."

सभा म्हणजे त्यांचे शेअर असलेल्या चार-पाच कंपन्यांपैकी एखादीची वार्षिक सभा, हल्ली मोबाइलवरच होते ती. काका गेल्यावर त्यांच्या फंडाच्या पैशांतून काकूंनी शेअर घेतले. काकांची दिल्लीतल्या करोल बागेतली नोकरी खासगी, पेन्शन नाही. लाभांशावर घरभाडं निघायचं. "इवलीशी का होईना, मालकीण आहे मी," त्या म्हणायच्या. इवलीशी म्हणजे किती, ते विचारलेलं त्यांना खपत नसे.

एकदा मी भरघोस लाभांश देणाऱ्या एका कंपनीचं नाव घेऊन धावत वर गेलो. काकूंनी चष्मा पुसला. "सगळं वाटून टाकते ही. मग वाढणार कशातून? मला अजून दहा वर्षं जगायचंय, यार. भाडं काय तेवढंच राहणार आहे?" वाटाही मिळावा आणि उरलेल्यातून कंपनीही वाढावी, एवढंच त्यांचं शास्त्र. मला ते कळायला जरा वेळ लागला.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी हट्टी बाई असेल. काकूंचा मुलगा गुरुग्रामला सतराव्या मजल्यावर, चांगला, आईवेडा. दर रविवारी म्हणायचा, "आई, चल ना आता." काकूंचं ठरलेलं उत्तर, "भाडं भरतेय तोवर नाही." त्या दोन खोल्या म्हणजे त्यांचा जीव होता.

काकूंनी चूक एकच केली. निम्म्याहून जास्त पैसा एकाच कंपनीत ठेवला, काकांची आवडती म्हणून. तिचा नफा घसरला, कर्ज वाढलं, लाभांश मात्र तेवढाच जाहीर झाला. मला हायसं वाटलं. काकूंनी सभेत बोलायला नाव नोंदवलं.

मी शेजारीच बसलो होतो. नंबर आल्यावर त्या चक्क उभ्या राहिल्या. मोबाइलवर त्यांचं फक्त पोट दिसत असणार. "चेअरमन साहब, कर्ज़ लेकर मत बाँटिए. इस साल रोकिए, मशीनें बदलिए." पलीकडून आभार मानले गेले आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या वर्षी कंपनीने लाभांश बंदच केला. काकूंच्या सांगण्यावरून नव्हे, हे उघड आहे, पण मी भडकलो. "काकू, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात!"

"मग काय, मला गरज आहे म्हणून कंपनीने कर्जात बुडायचं?" त्या शांतपणे मेथी निवडत होत्या. शेअरचा भाव पार कोसळलेला, त्यामुळे विकायची सोय नव्हती. त्यातच घरमालकाने भाडं वाढवलं. मुलगा म्हणाला, पर्सनल लोन काढतो, पण तू तिथेच राहा. फ्लॅटचे हप्ते त्याच्या डोक्यावर होतेच.

"त्यालाही तेच सांगितलं," काकू म्हणाल्या. "कर्ज काढून आईला देऊ नकोस." त्याच महिन्यात त्यांनी खोल्या सोडल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

दिवाळीनंतर मी गुरुग्रामला भेटायला गेलो. काकूंना स्वतंत्र खोली होती, मोठी खिडकी होती, नातू मांडीवरून उतरत नव्हता. कंपनीने नवीन मशिनं लावली, हे त्यांनीच मला खुशीत सांगितलं. मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, दोन कप चहा ठेवू का?"

"आई, विचारता काय? तुमचंच घर आहे," सून म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

काकू हसल्या. आत गेल्या, आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "दूध यातलं घेऊ ना गं?"