बायजाचा गूळ

देव आहे की नाही, हे मला अजूनही छाती ठोकून सांगता येत नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत, तीही छडीच्या धाकानं. पण सून म्हणाली, "मामाजी, तुमचा अनुभव लिहून ठेवा," म्हणून लिहितो. घडलं तसं. वाढवून सांगायची मला सवय नाही.

माझी बायको बायजा. मी दारू प्यायचो. ती भांडली नाही कधी. एका शनिवारी आमच्या धामणगाव बढ्याच्या शिवेवरच्या मारुतीपुढं बोलून आली, की ह्यांची दारू सुटल्याबिगर मी गूळ तोंडात घालणार नाही. मी हसलो. म्हटलं, "पितो मी, अन् गूळ काऊन तू सोडला?" ती म्हणाली, "तुमच्यानं सुटत नाही, तं मी काहीतरी सोडून पाह्यतो."

संक्रांत आली की घरभर तीळ भाजल्याचा वास. होळीला पुरण. पुरण शिजलं की ती बोटभर घेऊन माझ्याकडं यायची, "चाखा बरं, गोड कमी तं नाही?" मी चाखायचो अन् मान हलवायचो. मग ती गुळानं चिकट झालेली बोटं पाण्यानं धुवायची. चाटायची नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर व्हायचं, बैलाच्या डोळ्यांसमोर व्हावं तसं. आता चुलीवर गूळ विरघळला की तो वास येतो, अन् मी उठून अंगणात जातो.

ती तापानं गेली. शेवटी सुनेनं चमच्यानं गूळपाणी ओठाला लावलं, तर तिनं ओठ मिटून घेतले. माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग गेली.

त्यानंतर मी जास्तच प्यायला लागलो. मारुतीकडं पाठ केली. म्हटलं, एवढी वर्षं हिचा गूळ बंद ठेवला, दिलं काय या देवानं?

महाराष्ट्र राज्य नवं झालेलं, तेव्हाची ही गोष्ट. कापसाच्या गाड्या घेऊन आम्ही खामगावला गेलो. काय दिवस होते ते! कापसातली सरकी काढायच्या जिनिंगपुढं गाड्यांची रांग सडकेपर्यंत, बैलांच्या घंटा, हवेत कापसाचे तंतू, मिशा पांढऱ्या झालेल्या. नंबर लवकर लागायचा नाही. दुपार कलली, तशी मला दारूची तलफ आली. दारूबंदी होती, म्हणून मिळायची ती आडोशाला. मी शोधत जिनिंगच्या मागं गेलो, तर सरकीच्या ढिगाआड निंबाखाली काही माणसं गोल बसलेली. मधून एक पितळी लोटा या हातातून त्या हातात फिरत होता. मला वाटलं, झालं काम! विचारलं नाही, पुसलं नाही, जाऊन गोलात मांडी घातली. कुणी हटकलंही नाही. लोटा माझ्याकडं आला तसा मी तोंडाला लावून गटागटा ओढला.

पाणी निघालं.

"हे काय बे?" मी ओरडलो. "निरं पाणी?"

सगळे खो खो हसले. एक हमाल म्हणाला, "घ्या! पाव्हणा लोटाच खाली करून बसला. आता आमी बोलावं कसं?"

तिथला म्हातारा फिटर पुढं सरकला. काळ्या तेलानं माखलेले हात. म्हणाला, "दादा, आमी सारे पिणारेच हावो. सोडून राह्यलो. दर बाजाराच्या दिवशी इथं बसतो. ज्याच्या हाती लोटा, त्यानं बोलाव, बाकीच्यायनं आयकाव. तू दुरून आलेला दिसतं. आलेल्या माणसाले कोरडं पाणी देऊ नये." अन् कोपरीच्या खिशातून पुडी सोडून त्यानं माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

आलेल्याला गूळपाणी द्यावं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात चमत्कार काहीच नाही. पण तो खडा हातात पडला अन् मला बायजाचे मिटलेले ओठ दिसले. मूठ वळली ती उघडेना. मी ढोरासारखा रडलो.

"खा ना गा," हमाल म्हणाला.

"नाही खाता येत. बायकोचा हाय हा."

फिटरनं लोटा पुन्हा भरून माझ्या हातात दिला. मी बोललो. ती गेल्यापासून कुणाजवळ बोललो नव्हतो, ते सगळं. कुणी उपदेश केला नाही. शेवटी मी म्हटलं, "जलमभर कसं निभंल हे?" फिटर म्हणाला, "गाडीभर कापूस जिनात एकदम कोंबतं का कोणी? मशीन बंद पडते. मूठ मूठ घालाव लागते. आजची मूठ घाल. उद्याचं त्याच्यावर सोड." अन् वर बोट दाखवलं.

तो खडा मी धोतराच्या सोग्यात बांधून गावी आणला अन् घरी न जाता आधी मारुतीपुढं ठेवला. म्हटलं, घे बाबा, माझ्यानं होत नाही, तूच पाहा. पुढं आमच्या पारावरही लोटा फिरायला लागला. कधी तीन माणसं, कधी मी एकटाच. एकदा घसरलोही. फिटरकडं गेलो, त्यानं पुन्हा गूळच दिला.

लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं दारू सोडली. मी काय सोडणार? सोडलं ते बायजानं. माझ्या हातून फक्त सुटलं.

आता संक्रांतीला सून वाटी घेऊन येते, "मामाजी, चाखा, गोड कमी तं नाही?" मी चाखतो. मग एक खडा घेऊन तुळशीपाशी ठेवतो. थोड्या वेळानं मुंग्या येतात. मी त्यांना हाकलत नाही. बसून पाहतो.