एकाच खोलीत बसवलेल्या दोन पोरी

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. मी चौथी शिकलेला. शिपायाचा फौजदार झालो तो स्वतःच्या नजरेवर. त्या दिवशी त्याच नजरेनं दगा दिला.

ऐंशी सालच्या आगेमागे मी नाशिकरोडला होतो. भर उन्हाळ्यात एका सकाळी दीड वर्षाचं बाळ दारातून नाहीसं झालं. दुपारी एका सोनारानं निरोप धाडला, दोन पोरी बाळाचे चांदीचे वाळे मोडायला आल्यात. पोरी धरल्या. थोरली सोळाची, धाकटी तेराची, दोघी स्टेशनाबाहेर राहणाऱ्या. बाळ मात्र जवळ नव्हतं.

ठाण्यात महिला शिपाई एकच. म्हणून रिवाज असा, की बाया-पोरी कितीही असोत, एकाच खोलीत बसवायच्या. तशाच बसवल्या.

थोरली घडाघडा बोलली. "मामा, वाळे रस्त्यात घावले. देवाशपथ!" डोळ्यांत पाणीसुद्धा. धाकटी भिंतीकडे बघत गप्प. मी ठरवलं, मुकी तीच पक्की. टेबलावर काठी आपटली, "बोल, बाळ कुठाय?" दोन तास गेले. बाळाची आई सारखी दारात यायची. "साहेब, त्यानं सकाळपासून काही खाल्लं नाही हो."

महिला शिपाई हळूच म्हणाली, "साहेब, धाकटीला नळावर नेते. थोरलीनं पाय हलवला तरी ही दचकतेय."

"मला शिकवता का बाई?"

त्या तोऱ्यात आणखी अर्धा तास घालवला. मग म्हणालो, "न्या."

नळावर पोर बोलली. "एकलहऱ्याच्या रस्त्याला कांद्याची पडकी चाळ हाय, तिथं ठेवलंय. मी सांगितलं म्हणू नका. ती मला जित्ती ठेवायची नाय."

जीप पळवली. बाळ तापलेलं, निपचित. दवाखान्यापर्यंत त्याच्या छातीवरचा हात मी काढला नाही. सलाईन लावल्यावर ते रडलं, तेव्हा कुठं मी खाली बसलो.

कारकुनानं दोघींचा एकच जबाब लिहायला घेतला. म्हटलं, "फाड तो. एकीनं बेत केला, दुसरी भीतीनं तिच्या मागं गेली. वेगवेगळे लिही." रिमांड होमलाही दोघींना वेगळं ठेवायला कळवलं.

गाडीत बसताना थोरली म्हणाली, "मामा, तिला एकटीला विचारलं. मला?"

"तुझं ऐकलं तेवढं पुरे," मी खेकसलो.

पुढं प्रत्येक नव्या शिपायाला मी बजावलं, पोरी एका गुन्ह्यात असल्या तरी एका मनाच्या नसतात, वेगवेगळ्या बसवा. चूक कबूल करायची मला सवय नाही, पण ही करतो. धाकटी मला कळली. थोरलीनं ते का केलं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.