अळंबीचे दोन ढीग

आईने ताट परत केलं, त्या दिवसापासून घर बदललं. काविळीत तिला अन्न नकोसं झालं होतं. एकदा मात्र ती म्हणाली, "अळंबीची भाजी खावीशी वाटते." मला आनंदापेक्षा भीतीच वाटली. विषारी अळंबीच्या बातम्या मी वाचल्या होत्या, आणि पाकिटातली अळंबी तेव्हा आमच्याकडे मिळत नसे.

कळमनुरीच्या आठवडी बाजारात मेंढरं राखणारी एक बाई पळसाच्या पानांवर अळंबी मांडून बसे. एकेक देठ पदराने पुसायची. त्या दिवशी तिच्यापुढे दोन ढीग होते. मी मोठ्याला हात लावला, तशी तिने तो मागे ओढला.

"त्यो न्हाई, दादा. येताना नव्या वारुळावर दिसला म्हणून तोडला. आमच्या घरी अजून कुणी खाल्ला न्हाई."

"आणि हा?"

"ही जुन्या वारुळाची, परवा तिथलीच खाल्ली. बघा की, जित्ती बसले तुमच्या म्होरं!" ती हसली.

"घरात आधी कोण खातं?"

"मीच. सकाळी उठले, की मग लेकरायला देते."

मला हसता आलं नाही. लहान ढीग घेऊन आलो, लसूण आणि काळा मसाला घालून भाजी केली. आईने अर्धी भाकरी खाल्ली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तिला काही झालं नाही.

पुढच्या बाजारी काही घ्यायचं नव्हतं, तरी गेलो. ती जागेवर दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आई पुढे त्याच आजाराने गेली. ती बाई कुठे आहे, मला माहीत नाही. अळंबी मी घरात आणत नाही.