साक्षीदार गप्प

समोरचा माणूस बोलायला लागला की स्टेनोकाकांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागायची. अलिबागच्या कोर्टात तीस वर्षं त्यांनी साक्षी लिहून घेतल्या होत्या. काकू गेल्यावर ते मुलीकडे जपानात फुनाबोरीला, आमच्याच मजल्यावर राहायला आले, तरी बोटांची नोकरी काही सुटली नव्हती. मी एखाद्या प्रश्नाचं उत्तर टाळलं की बोटं थांबायची आणि काका हसून म्हणायचे, "कंसात लिहा, साक्षीदार गप्प."

काका बेने इस्रायल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारी तिन्हीसांजेला तेलाचा दिवा लावायचे, मलिद्याचे गोड पोहे आम्हाला वाटीभर पाठवायचे आणि आमच्या गणपतीत टाळ सगळ्यांच्या आधी हातात घ्यायचे. "जगात आम्हाला कुठून कुठून हाकललं गं. अलिबागेत कुणी बोट लावलं नाही," हे वाक्य महिन्यातून एकदा तरी यायचंच. केवढा अभिमान होता त्यांना त्याचा!

जीव मात्र अडकला होता दूरदेशीच्या एका जुन्या खटल्यात. कोवळ्या मुलीचा खून, आरोपी ज्यू, कोर्टाबाहेर खवळलेली गर्दी आणि शेवटी फाशीची शिक्षा. खून त्यानेच केला का, यावर माणसं अजून भांडतात म्हणे. कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानातून, वह्या आणून काका त्या साक्षी मराठीत उतरवायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, तो निर्दोष होता की नव्हता, एकदाचं सांगून टाका ना!"

"मला काय ठाऊक? मी तिथे नव्हतो. पण त्याचा धर्म कळल्यावर लोकांनी पुरावा मागायचं सोडलं, एवढं या कागदांत दिसतं. त्यात त्या पोरीला तरी कुठे न्याय मिळाला?"

गेल्या वर्षी विसर्जनानंतर इथल्या आमच्या मराठी मंडळाचं चांदीचं निरांजन सापडेना. इथे नदीत विसर्जन करता येत नाही. आम्ही पितळी मूर्तीवर पाणी शिंपडतो, तिला खोक्यात ठेवतो आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत खोकं उघडत नाही. निरोप दिलेल्या देवाला मध्येच कसं उठवायचं? खोकं माझ्या कपाटात असतं. त्या वर्षी भरलंही मीच होतं, घाईघाईत.

मंडळाच्या बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, "हॉलमध्ये शेवटी काकाच होते. आणि ते लोक कसे असतात, नेटवर बघा जरा."

काकांचा चेहरा उतरला. तरी शांतपणे म्हणाले, "खोकं उघडून बघू या का?"

"विसर्जन झालेला बाप्पा? तुम्हाला नाही कळायचं ते, काका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. लाल कापडात काहीतरी गुंडाळल्याचं मला अंधुक आठवत होतं. पण सेक्रेटरी म्हणजे माझ्या नवऱ्याचे टीम लीड, आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. मी चटईच्या काड्या मोजत बसले. काकांची बोटं मांडीवर निपचित पडली होती. 'कंसात लिहा' हे नेहमीचं वाक्य त्या दिवशी ते बोलले नाहीत.

त्यानंतर पोहे येणं थांबलं. दिवाळीच्या फराळालाही काका आले नाहीत. एकदा लिफ्टमध्ये भेटले, तेव्हा म्हणाले, "कशा आहात?" इतकी वर्षं 'अगं पोरी' म्हणणारा माणूस मला 'अहो' करत होता. घरी येऊन मी खूप रडले, पण रडून कपाट काही उघडलं नाही.

जानेवारीत ते अलिबागला परतले आणि मार्चमध्ये तिथेच वारले. त्यांच्या मुलीने खटल्याची शेवटची वही मला आणून दिली. "बाबांनी तुम्हालाच द्यायला सांगितलं होतं." वही निकालाच्या आधीच संपली होती.

यंदा चतुर्थीला हॉलमध्ये खोकं उघडलं. मूर्तीखालच्या लाल कापडाच्या घडीत निरांजन होतं, जळक्या वातीसकट.

"चला, सापडलं एकदाचं. आरती सुरू करू या," सेक्रेटरी म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "ते मी ठेवलं होतं. काका चोर नव्हते. खोकं उघडायला हवं, हे मला त्याच दिवशी कळत होतं आणि मी गप्प बसले."

मी सगळं सांगितलं. शब्दन्‌शब्द उतरवून घेता यावा, इतकं सावकाश सांगितलं. उतरवून घेणारा माणूस अलिबागच्या मातीत होता.