रेशीममिस्त्रीची सर्दी

रेशीममिस्त्रीची डावी नाकपुडी चोंदली आणि ती काही केल्या उघडेना. सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. सुतारांच्या त्या गल्लीत सगळ्यांचीच नाकं वाहायची. चहावाला म्हणायचा, "तुम्हा लोकांना कपाबरोबर रुमालही द्यायला हवा."

मिस्त्रीने घासून पॉलिश केलेल्या टेबलावर हात फिरवला की रेशमावरून फिरवल्यासारखं वाटे, म्हणून गल्लीने त्याचं हे नाव पाडलं होतं. धाकटा भाऊ मात्र त्याला दादाच म्हणे. वडील गेले तेव्हा धाकटा शाळकरी होता. पुढे दादानेच त्याला हाताला धरून दुकानात आणलं, रंधा धरायला शिकवलं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराच्या उजेडात धाकटा मापं घ्यायचा, सांधे बसवायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. मागच्या कोपऱ्यात, जिथे खिडकी नव्हती, तिथे दादा घासत बसायचा. कठीण जातीचं लाकूड, हातात पॉलिशपेपर आणि हवेत पिठासारखी धूळ. संध्याकाळी तो बाहेर येई तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असत. वहिनी त्याला दारातच झटकायची आणि मगच घरात घ्यायची.

लहानपणी धाकट्याला दम लागायचा. म्हणून असेल, पण दादाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तू पुढेच थांबायचं. मागे तुझं काम नाही." पुढे तीच रीत पडली. दम कधीच गेला, रीत राहिली.

एका सकाळी दादाने नाक शिंकरलं आणि रुमालावर रक्त आलं. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांनी नाकात घालायला थेंब दिले, वाफ घ्यायला सांगितली. दोन दिवस बरं वाटे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग वहिनीच्या लक्षात आलं, डावा डोळा किंचित बाहेर आल्यासारखा दिसतोय. त्या दिवशी धाकट्याने दुकानाला कुलूप घातलं आणि दादाला मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात बारीक दुर्बीण घातली. बराच वेळ पाहत राहिल्या. फोटो झाले, आतला तुकडा काढून तपासायला गेला. निकाल आल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं आणि पडद्यावर दादाच्या डोक्याचं चित्र लावलं.

"आपला चेहरा आतून भरीव नसतो," त्या म्हणाल्या. "गालात, कपाळात, नाकाच्या मागे हवेच्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. डोळ्यांच्या मधल्या पोकळ्या तर मधाच्या पोळ्यासारख्या, लहान लहान."

"डोकं रिकामं आहे, हे आमच्या मास्तरांनी फार आधी सांगितलं होतं," दादा म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या, पण थोडंच. त्या मधल्या पोकळ्यांमध्ये गाठ होती, कॅन्सरची. तिच्या एका बाजूला डोळा, मध्ये कागदाइतकं पातळ हाड. वर मेंदू.

"काम काय करता?"

"सुतार आम्ही. दोघंही."

"लाकूड घासायचं काम कोण करतं?"

"मीच," दादा म्हणाला.

त्यांनी मान हलवली. कठीण लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात जात राहिली की काहींना असं होतं, सगळ्यांना होत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या दादाकडे पाहून बोलत होत्या. धाकट्याला मात्र वाटलं, हे आपल्यालाच सांगताहेत.

ऑपरेशन नाकातूनच झालं, चेहऱ्यावर चीर पडली नाही. गाठ काढली, तिच्याबरोबर नाकाचं छतही काढावं लागलं. मेंदूखाली मांडीतून काढलेल्या पातळ पडद्याचं ठिगळ लावलं. डोळा वाचला. वास मात्र गेला. वासाच्या नसा त्या छतातूनच खाली येतात. नंतर किरणांचे शेक झाले आणि दादा वाळून निम्मा झाला.

थोडी ताकद आल्यावर तो दुकानात येऊन बसू लागला. पुढे, दारापाशी. एकदा धाकटा माल उतरवून घ्यायला बाहेर गेला होता. परत आला तर दुकानात धूर. शेगडीवर ठेवलेला, सांधे चिकटवायचा सरस करपून कोळसा झाला होता, आणि त्याच्या शेजारीच पाठमोरा बसून दादा कसलीशी खुंटी तासत होता. धाकट्याने गुपचूप शेगडी विझवली, भांडं बाहेर नेलं. दादाने वर पाहिलं तेव्हा कुठे त्याला कळलं.

"वाया गेला ना सगळा?"

"दुसरा करू."

दादाने खुंटी खाली ठेवली. तो इतका ओशाळला, की धाकट्याला राहवलं नाही. "दादा, मला मागे का बसू दिलं नाहीस कधी? माझ्या वाटचीही धूळ तूच खाल्लीस."

"उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस. तुझा हात जड आहे. तुला घासायला बसवलं असतं तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं. आणि मला आवडायचं ते काम."

"खरं सांग."

"खरंच सांगतोय."

दादा थट्टा करताना खाली बघायचा. या वेळी त्याने सरळ डोळ्यांत पाहिलं. थट्टा नव्हती; पण ते खरं होतं की आपली समजूत घातली, हे धाकट्याला ठरवता येईना.

वर्ष पुरतं उलटलं नाही, तोच गाठ परत आली, आणि या वेळी मेंदूच्या बाजूने. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. दादा शेवटचे आठवडे घरीच होता. डोकं ठणकायचं, तेव्हा धाकटा त्याच्या कपाळावर ओला फडका धरून बसायचा. शेवटी शेवटी तो वहिनीला ओळखे, धाकट्याला नाही. एका दुपारी, वहिनी उशाशी बसलेली असताना, त्याचा श्वास थांबला.

धाकट्याने दुकान चालू ठेवलं. मागच्या भिंतीत खिडकी पाडली, धूळ ओढणारा पंखा बसवला, तोंडाला मुसकं बांधून स्वतः घासू लागला. मग थंडीत त्याचं नाक चोंदलं. एकाच बाजूचं. कोणाला न सांगता तो त्याच इस्पितळात गेला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला ओळखलं. नाकात औषधाचा फवारा मारून दुर्बीण घातली, दोन्ही बाजू नीट पाहिल्या. "साफ आहे सगळं," त्या म्हणाल्या. "साधी सर्दी."

धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"फवाऱ्याने येतं पाणी," त्या म्हणाल्या आणि कापसाचा बोळा पुढे केला.

"हो," तो म्हणाला.

तिथून तो तडक वहिनीकडे गेला. ती पायरीवर बसून उसवलेली उशी शिवत होती. त्याने सगळं सांगितलं.

"इतके दिवस एकटेच भीत होतात, भाऊजी? मला सांगायचं होतं."

तो पायरीवर टेकला. मग म्हणाला, "वहिनी, दादाला ते घासण्याचं काम खरंच आवडायचं?"

वहिनीची सुई थांबली. "मी एकदा विचारलं होतं. हसले नुसते." तिने दोरा तोडला नाही, पुढचा टाकाही घातला नाही. "मला तरी कुठे कळू दिलं त्यांनी."

दोघं तशीच बसून राहिली. उठायची घाई कोणालाच नव्हती.