मामाजींच्या कूलरमधला मासा

कूलरच्या ओल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास आला की मला अजून हसू फुटतं.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचा नागपूरचा उन्हाळा होता. माझ्या काचेच्या टाकीत दक्षिण अमेरिकेतला खडबडीत पाठीचा सकर मासा होता, दिवसभर काचेवरचं शेवाळ खाणारा. मी माहेरी गेले आणि माझ्या माळकरी सासऱ्यांनी, मामाजींनी, त्याला स्वतःच्या कूलरमध्ये सोडलं. म्हणे, "फुकट काहून पोसायचा? कूलरची टाकी साफ करू दे!"

परतले तेव्हा तो पंपामागे मरून पडला होता. मी त्याला तिथेच ठेवून कूलरची खसाची ताटी परत बसवली.

"सूनबाई, कायचा वास येऊन राह्यला वं?"

"उंदीर मेला असेल, मामाजी."

गळ्यातली माळ सावरत ते पलंगाखाली वाकले. आज त्यांच्या वयाची झाले, तरी त्यांची दया येत नाही. तेव्हा मी कूलरचा पंखा आणखी वाढवला.