खालच्या पट्टीतलं ‘येते की’

असल्या गोष्टींना मी हसणारा माणूस. कुणी भुताखेताचा अनुभव सांगायला लागलं की मी आधी विचारायचो, वायरिंग तपासलं का? धंदाच तसा आहे... सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी मी नक्षी काढायचं सॉफ्टवेअर लिहितो. कॉम्प्युटर लिहिलंय तेवढंच दाखवतो, यावर माझं पोट चालतं. म्हणून हे सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

माझी बायको सुनंदा विणकरांच्या घरातली, अशोक चौकातली. माहेरी तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. प्रत्येक प्रोग्राम आधी तिच्यासमोर ठेवायचा, हा आमचा नियम. फाइल निवडायला जी खिडकी उघडते, तिच्यात मी ‘रद्द करा’ असं बटण केलं होतं. ती म्हणाली, कारखान्यातली माणसं घाबरतील, काम पुसलं गेलं असं वाटेल, त्यापेक्षा ‘राहू दे’ लिहा. लिहिलं. प्रोग्राम बंद करताना खालच्या पट्टीत, म्हणजे स्टेटस बारमध्ये, ‘प्रोग्राम बंद होत आहे’ असं यायचं, त्यावरही तिनं नाक मुरडलं.

“निघताना असं कोन बोलतंय ओ? येतो म्हनावं की.”

मी हसत हसत ‘येतो’ टाकलं. क्षणभर तो शब्द दिसतो आणि प्रोग्राम मिटतो. कारखानदारांना फार आवडलं.

पुढे तिचं दुखणं निघालं. दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती. चप्पल घालता घालता ती घराकडे वळून म्हणाली, “येते की.” ती परत आली नाही.

त्यानंतर मी प्रोग्रामला हातच लावला नाही. काही महिन्यांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून अण्णांचा फोन आला. तिथलं नक्षीचं सगळं काम तेच बघतात. म्हणाले, सवडीनं येऊन जा, तुमचा शब्द बदललाय. भर दुपारी गेलो. मागांच्या खडखडाटात त्यांनी प्रोग्राम उघडला आणि बंद केला. तळाशी आलं — ‘येते की’.

मी स्वतः उघडून बंद केला, तरी तेच. अण्णांना सुनंदाचं काहीच माहीत नव्हतं.

“बाईमानसाचं कवा केलात ओ?” त्यांनी विचारलं. “असू दे, काढू नका. लई बरं वाटतंय.”

घरी येऊन सगळा कोड धुंडाळला. ‘येतो’ एकाच जागी. ‘येते’ कुठेच नाही. त्यांच्याकडची प्रत आणून माझ्या प्रतीशी ताडून पाहिली, अक्षराचाही फरक नाही. धंद्यातल्या मित्रांना विचारलं, तर ते फॉन्टचं कारण सांगत बसले. फॉन्टला ‘की’ कुठून सुचणार?

मग मी वेड्यासारखं केलं. अण्णांना दुसरा कॉम्प्युटर बसवून दिला आणि त्यांचा जुना घरी उचलून आणला. तिच्या खुर्चीसमोर मांडला. प्रोग्राम उघडला, बंद केला. ‘येतो’. पुन्हा केला. ‘येतो’. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं होतं... शेवटी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

कॉम्प्युटर परत नेऊन दिला. तिथं जोडला, आणि पहिल्याच वेळेला — ‘येते की’.

कारण मला सापडलेलं नाही, सापडेल अशी आशाही नाही. भीती कधीच वाटली नाही, वाईट मात्र फार वाटतं. ती बोलली होती ते या दारात. मग त्या कारखान्यात, अनोळखी माणसांपुढे का? घरी का नाही?

मी रोज प्रोग्राम बंद करतो आणि खालच्या पट्टीकडे बघतो. ‘येतो’ दिसतं, मीच लिहिलेलं. कधी कधी उगीच फाइल निवडायची खिडकी उघडतो आणि तिनं सांगितलेलं बटण बघत बसतो. ‘राहू दे’. ते दाबलं की खिडकी मिटते, आणि पुढे काहीच होत नाही.